मेणाच्या विधवांविरुद्ध एल फारो

७ सप्टेंबर १९६४, सोमवार

डॉक्टरांचं म्हणणं असं की, मी माणसांवर ओरडतो म्हणून माझा रक्तदाब चढतो. तेव्हा यापुढे कागदावर ओरडावं. वही एदुविहेसने दिली. माझ्या बायकोला काटकसरीची भारी हौस, त्यामुळे वही धाकटीच्या शाळेतली उरलेली आहे आणि पहिल्या चार पानांवर भूमिती आहे. असो.

आज 'मेणाच्या विधवांविरुद्ध एल फारो'चं चित्रीकरण सुरू झालं. आठ विधवा सांगितल्या होत्या, सहा आल्या. दिग्दर्शक म्हणाला, "दॉन प्रोकोपियो, दोघींना आरशासमोर उभं करू, आठ भरतील." या माणसाला मी उगाच पोसत नाही. दुपारी दिव्यांच्या धगीने बायांच्या तोंडावरचं मेण वितळून गळ्याखाली ओघळलं, आणि तिघी जणी किंचाळत सेटवरून पळाल्या. कॅमेरा चालूच होता. माझ्या नऊ चित्रपटांतला सर्वांत खरा भीतीचा प्रसंग हाच, आणि त्यात भूत एकही नव्हतं.

एल फारो, म्हणजे आमचा पैलवान 'दीपस्तंभ', वेळेवर आला. माझ्याकडे त्याचा हा पाचवा चित्रपट. पिवळा मुखवटा, कपाळावर पांढरा दीपस्तंभ, डोळ्यांभोवती किरण. आत कोण आहे ते मला ठाऊक नाही. कुणालाच नाही, आणि असूही नये. करारावर सही 'एल फारो' अशी, मानधन मुखवट्याच्या हातात, दुपारचा तामालही मुखवट्याच्या फटीतूनच आत जातो. आपल्याकडे पैलवानाचा चेहरा दिसला की पैलवान संपला.

मी पंधरा वर्षं चित्रपटगृहांतून भोपळ्याच्या भाजलेल्या बिया विकल्या. शाळा म्हणाल तर तीच. अंधारात उभं राहून ऐकायचं: लोक बिया फोडताहेत तोवर चित्रपट फुकट चाललाय, फोडणं थांबलं की समजावं, आता पडद्यावर काहीतरी घडतंय. या कानांवर मी घर बांधलं. माणूस तोंड उघडायच्या आधी त्याला काय हवंय ते मला ऐकू येतं.

१० सप्टेंबर, गुरुवार

मी एल फारोला संवाद पाठ करायला लावत नाही. नंतर रेडिओवाला फुल्हेन्सियो त्याचा आवाज भरतो. फुल्हेन्सियोने "मीठ द्या" म्हटलं तरी बायका केस सावरतात. सेटवर फारोने फक्त आकडे म्हणायचे, म्हणजे ओठ हलले की झालं. साध्या वाक्याला दहापर्यंत, धमकीला वीस, प्रेमाला चाळीस. नायिका कुरकुरते. म्हणते, "माझ्या डोळ्यांत बघून हा माणूस सदतीस म्हणतो, मी रडू कशी?" मी म्हटलं, "बाई, नवरे याहून कमी बोलतात."

जेवणाच्या सुट्टीत फारो माझ्यापाशी येऊन उभा राहिला.

"दॉन प्रोकोपियो, एक विचारू?"

"विचार की."

"या खेपेला आवाज माझाच ठेवला तर?"

याचा आवाज म्हणजे काय सांगावं. छाती दोन माणसांची आणि आवाज चर्चमधल्या गाणाऱ्या मुलाचा. मी म्हटलं, "राजा, तुझा आवाज ऐकून विधवा तुला मारणार नाहीत, दूध पाजतील."

तो हसला असावा. मुखवट्यात कळत नाही.

"मग चित्रपटात नाव तरी?"

"नाव आहेच की. सगळ्यांत मोठ्या अक्षरांत. एल फारो."

"हो," तो म्हणाला. "ते आहेच."

समाधान झालं त्याचं. माणसाला समजावून सांगितलं की समजतं.

१८ सप्टेंबर, शुक्रवार

आज हसून हसून पोट दुखलं. मेणाची कढई गरम होईपर्यंत फारोने आपल्या एका मावसभावाची गोष्ट सांगितली. हा मावसभाऊ गावोगाव फिरून गाद्या विकतो. त्याचे सासरे, दॉन क्रिसोफोरो, ट्रामचे निवृत्त चालक. त्यांच्या भिंतीवर ग्वादालुपे माता आणि तिच्या शेजारी, थोडा वरच, आमच्या एल फारोचा फोटो. दर रविवारी जेवताना म्हातारा जावयाला सुनावतो: "तीन मुलींचा बाप, आणि महिन्याला दोन गाद्या खपत नाहीत तुझ्याच्याने. तो बघ, तिथे भिंतीवर. पुरुष असावा तर तसा."

"म्हणजे तुझ्या मावसभावाला तुझ्या फोटोकडे बघत जेवावं लागतं?"

"दर रविवारी."

"आणि तो काय म्हणतो?"

"म्हणतो, अजून थोडा भात वाढा."

"बायको?"

"ती खाली बघून हसते. तिला ठाऊक आहे ना, तो किती गाद्या विकतो ते."

मी डोळे पुसत म्हटलं, "त्याला माझा निरोप दे. रडत बसण्यापेक्षा जरा हातपाय हलव आणि चार गाद्या जास्त विक."

"सांगतो," फारो म्हणाला.

ही गोष्ट पुढच्या चित्रपटात विनोदी नोकराला द्यायची. दिग्दर्शकाला सांगून ठेवलं.

२३ सप्टेंबर, बुधवार

अंघोळीच्या वेळी कल्पना सुचली. चित्रपट ३० ऑक्टोबरला लागणार, मृतांच्या सणाच्या तोंडावर. त्याच्या दोन रविवार आधी मुखवट्याला मुखवटा अशी कुस्ती लावायची. हरणाऱ्याचा मुखवटा भर रिंगणात उतरतो, नाव जगजाहीर होतं, आणि तो मुखवटा पुन्हा कुणाच्याही डोक्यावर चढत नाही. अख्खं शहर त्यावर बोलेल, आणि जाहिरात मला फुकटात.

समोर कोण? नोटरी. काळा मुखवटा, कपाळावर लाल मोहोर, शत्रूच्या पाठीवर शिक्का मारून जिंकणारा दुष्ट. माझ्या चित्रपटात तो मेणाच्या कारखान्याचा मालक आहे. शिवाय तो आणि फारो कोंपाद्रे, म्हणजे मुलीचा धर्मबाप आणि बाप. फारोच्या धाकट्या मुलीच्या बाप्तिस्म्याला याने तिला हातात धरलं होतं. (मुखवटे घालून की न घालता, ते पाद्र्याला विचारा.) त्यामुळे कुणी कुणाचं हाड मोडणार नाही.

आयोजकाच्या कचेरीत दहा मिनिटांत ठरलं: नोटरी हरणार. त्याला आनंदच झाला. गुडघे गेलेत बिचाऱ्याचे. तोलुकाला मेव्हण्याबरोबर मांस-मक्याच्या रश्श्याची, म्हणजे पोझोलेची खाणावळ काढायची आहे, आणि भिंतीवर स्वतःचा हसरा फोटो लावायचाय, खाली लिहून: 'एके काळचा नोटरी'. "मुखवटा घालून पोझोले विकलं, दॉन प्रोकोपियो, तर लोक म्हणतील, यात कुणाचं मांस आहे."

फारो कोपऱ्यात उभा होता. मी म्हटलं, "तुझं काय?"

"मुखवट्याला मुखवटा," तो हळूच म्हणाला. "म्हणजे एकाचा जाणार, नक्की."

"नक्की. म्हणून तर लोक येतील."

त्याने तिथल्या तिथे सही केली. एरवी करार घरी नेऊन आठवडाभर वाचत बसतो.

२९ सप्टेंबर, मंगळवार

कामात चुका होऊ लागल्या आहेत. आज प्रेमप्रसंगात फारोने चाळीस मोजायचे होते. चार वेळा चित्रीकरण केलं, चारही वेळा गडी अकरावर येऊन अडकला. ओठ हलतात, मध्येच काहीतरी पुटपुटतो, आणि "अकरा" म्हणून थांबतो. नायिका म्हणाली, "मला वाटतं याचे आकडे कमी होत चाललेत, प्रेमही." मी त्याला बाजूला घेतलं.

"थकलास का?"

"नाही. एक विचारायचं होतं. मुखवटा उतरला की नेमकं काय बोलतात?"

"नाव, गाव, किती वर्षं या धंद्यात. एवढंच. तुला काय करायचंय? बोलायचं नोटरीला आहे."

"त्यालाच सांगायचं होतं. मोठ्याने बोलायचं की नेहमीसारखं?"

"ध्वनिक्षेपक देतात हातात."

"बरं," तो म्हणाला. मग विचारलं, "तिसऱ्या रांगेतली दोन तिकिटं मिळतील? एका म्हाताऱ्या गृहस्थांसाठी. फार चाहते आहेत."

चाहत्यांची इतकी काळजी घेणारा नट मी दुसरा पाहिला नाही. चार दिली.

११ ऑक्टोबर, रविवार

चित्रीकरण संपलं. फुल्हेन्सियोने दोन दिवसांत आवाज भरला. शेवटच्या प्रसंगात फारो म्हणतो, "मी कोण आहे हे विचारू नकोस, सेन्योरिता, अंधारात दिवा कुणाचा हे कुणी विचारत नाही." वाक्य माझं आहे. ध्वनिमुद्रणवाल्याची नाकपुडी थरथरली. तो म्हणतो सर्दी होती.

१८ ऑक्टोबर, रविवार

जसं घडलं तसं लिहितो.

दुपारचा खेळ, आखाडा गच्च. मी रिंगणाला लागून पहिल्या खुर्चीवर. पहिली फेरी नोटरीने घेतली, दुसरी फारोने, ठरल्याप्रमाणे. तिसऱ्या फेरीत नोटरीने पाय घसरल्याचं छान सोंग केलं आणि पाठीवर आडवा झाला. फारोने नुसतं अंगावर पडायचं होतं. पंच तीन मोजणार, काम फत्ते.

फारो अंगावर पडला नाही. शेजारी जाऊन स्वतःच पाठीवर आडवा झाला.

दोन पैलवान उताणे, शेजारी शेजारी, आढ्याकडे बघत. कुणाचे खांदे मोजावेत ते पंचाला कळेना. नोटरीने डोकं वळवून फारोकडे पाहिलं, मग त्याचा दंड धरून त्याला आपल्या अंगावर ओढलं. फारोने त्या झटक्यातच कोलांटी घेतली आणि नोटरी वर आला. नोटरी विंचवावर बसल्यासारखा उडी मारून उठला आणि पुन्हा आडवा झाला. लोक वेडे झाले. असं काही त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. माझ्या मागचा खाटीक आपल्या पोराला सांगत होता, "बघ, याला म्हणतात डावपेच. कुणाला काही कळूच द्यायचं नाही."

दोघे माझ्यापासून हातभर अंतरावर एकमेकांत अडकले, तेव्हा मला स्पष्ट ऐकू आलं.

"कोंपाद्रे, काय चाललंय? हरायचं मी आहे."

"माहीत आहे. आज मला हरू दे."

"आणि माझी खाणावळ?"

"पुढच्या वर्षी तू. तुझ्या धर्मलेकीची शपथ."

"अरे पण मी मेव्हण्याला कढई घ्यायला सांगितलीय."

समोरच्याचा धीर खच्ची करायची ही नवी तऱ्हा असणार. मी शेजारच्या वार्ताहराला तसं सांगितलं, त्याने टिपूनही घेतलं. तेवढ्यात फारोने नोटरीचे दोन्ही हात स्वतःभोवती गुंडाळले, घट्ट, जसं थंडीत घोंगडं ओढून घ्यावं, आणि त्याला अंगावर घेऊन पडून राहिला. नोटरी सुटायची धडपड करत होता. पंचाने एक म्हटलं. दोन म्हटलं. मी उभा राहून "ऊठ" म्हणून ओरडलो. तीन.

मुखवट्याची नाडी सोडायचं काम जिंकणाऱ्याचं. नोटरी गाठीला हात लावायला तयार होईना. शेवटी फारोनेच मागे हात नेऊन ती सोडली.

काय निघालं आतून? गोल, सावळा चेहरा, बारीक मिशी, केस चिकटलेले, कपाळावर शिवणीचा वळ. टपाल कचेरीत खिडकीमागे बसतो ना, तसा माणूस. हातात ध्वनिक्षेपक दिला.

"नाबोर तेशीस," तो म्हणाला, त्याच त्या बारीक आवाजात. "गाव आपिसाको, त्लास्काला. अकरा वर्षं."

मला वाटलं लोक हसतील. कुणी हसलं नाही. तो छायाचित्रकारांकडे बघत नव्हता, तिसऱ्या रांगेकडे बघत होता. तिथे एक म्हातारा हॅट हातात धरून उभा राहिला होता, शेजारी एक बाई तोंडावर हात घेऊन.

"आणि गाद्या?" म्हाताऱ्याने विचारलं.

"गाद्या कधी नव्हत्याच, दॉन क्रिसोफोरो."

म्हाताऱ्याने हॅट डोक्यावर घातली, काढली, पुन्हा घातली.

"म्हणजे बघ," तो म्हणाला, "ज्या दिवशी सांगितलंस, त्याच दिवशी हरलास."

१९ ऑक्टोबर, सोमवार

तर मावसभाऊ वगैरे कुणी नव्हता. हे टॅक्सीत बसल्यावर ध्यानात आलं. मला फसवलं म्हणून राग नाही. पण त्या गोष्टीवर आता माझा हक्क उरला नाही, याचा आहे. विनोदी नोकराचं काय करायचं?

एदुविहेसला सगळं सांगितलं. ती वाटाणे सोलत होती.

"त्याला हरायचंच होतं," ती म्हणाली.

"हरायचं कुणाला असतं?"

"ज्याला घरी जाऊन जेवायचं असतं त्याला."

बायकांना कुस्ती कळत नाही. सकाळी भरपेट न्याहारी करून आला असणार. जड पोटाने माणूस पडतोच. मी त्याला कितीदा सांगितलंय.

२३ ऑक्टोबर, शुक्रवार

वाईट आठवडा. वितरक म्हणतो, मुखवटा गेलेल्या पैलवानाचा चित्रपट म्हणजे शिळा तामाल. कुस्ती मंडळाला विनंती केली, दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर तो मुखवटा चढवू द्या, प्रेक्षकांना काय कळतंय. तिथला कारकून माझ्याकडे अशा नजरेने बघत राहिला, जसं काही मी मेलेल्याचे बूट मागायला आलोय.

दुपारी बाहेरून निरोप आला, कुणी गृहस्थ आलेत. मला वाटलं नोकरीसाठी असेल, म्हटलं बसवा. दोन तासांनी बाहेर गेलो तर बाकावर नाबोर. इस्त्रीचा शर्ट, गुडघ्यावर पुडकं. पोशाख परत करायला आला होता, केप आणि बूट, धुऊन घडी घालून.

"आत यायचं नाही का सरळ?"

"एरवी आलो असतो," तो म्हणाला. "या तोंडाने कसं यायचं ते ठाऊक नव्हतं."

मी विचारलं, "पाय घसरला ना तुझा?"

"नाही."

पैलवानाचा ताठा जात नाही लवकर. विषय बदलला. "सासरे खूश असतील आता."

"फोटो उतरवला त्यांनी. म्हणतात, पहिल्यापासून नोटरीचीच पकड त्यांना जास्त आवडायची." मग म्हणाला, "पण जेवायला वाढतात. आणि मुलींना शाळेत सोडायला स्वतः येतात माझ्याबरोबर. दर कोपऱ्यावर उभं करतात मला, म्हणतात, हा बघा, हरलेला."

"आणि नोटरी?"

"बोलत नाही माझ्याशी. त्याचा मेव्हणा कढई घेऊन बसलाय."

मी म्हटलं, "तुला मी काय काम देऊ, तूच सांग. या चेहऱ्याला फार तर विधवेचा वकील करता येईल."

"काम मागायला आलो नाही," तो म्हणाला, पुडकं टेबलावर ठेवलं आणि गेला. जाताना शिपायाने त्याला नाव घेऊन हाक मारली, आणि तो असा थबकला की मला वाटलं काहीतरी विसरलाय.

३० ऑक्टोबर, शुक्रवार

चित्रपट लागला. सकाळपासून तिकिटाला रांग. लोक हसायला येताहेत म्हणे, 'गाद्यांवाला फारो' बघायला. येईनात का. माझे कान जागे झाले. वितरकाला दूरध्वनी करून सांगितलं, भित्तिपत्रकांवर पट्टी चिकटवा: 'अर्थात नाबोर तेशीस'. मग कचेरीत बसून स्वतः करार टंकून घेतला. तीन चित्रपट, उघड्या चेहऱ्याने, आणि कलम सातवं माझं खास: 'नाबोर तेशीस' हे नाव दहा वर्षं कंपनीच्या मालकीचं राहील, इतरत्र वापरायचं तर लेखी परवानगी लागेल. मुखवटा निदान गाठ सोडून काढता येतो. नाव कुठे काढून ठेवणार? धंद्यात इतकी पक्की वस्तू मला आजवर मिळाली नव्हती.

सहाच्या खेळाला गेलो. नाबोर सगळ्या कुटुंबाला घेऊन आला होता, तिकिटं काढून. बायको, तीन मुली, म्हातारा. मी त्यांच्या बरोबर मागच्या रांगेत बसलो, त्यांना नकळत. करार खिशात.

सुरुवातीला हशा. फुल्हेन्सियोने तोंड उघडताच वरून कुणी ओरडलं, "तो आवाज त्याचा नाहीये." दुसरा म्हणाला, "सेन्योरिता, एखादी गादी घ्या की." मुली खुदखुदत होत्या. नाबोर खुर्चीत खाली खाली सरकत होता.

मग मेणाच्या कारखान्याचा प्रसंग आला. फारो खांबाला बांधलेल्या मुलीच्या दोऱ्या सोडतोय, आणि मागून थोरली विधवा सळई उगारून येते. पाचही चित्रपटांत हा प्रसंग आहे, थोड्याफार फरकाने, आणि दर वेळी लोक बिया फोडत बघतात. एल फारोला काही होत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण आज बिया फोडायचा आवाज बंद झाला. विधवा एक पाऊल पुढे आली. हसणारे गप्प झाले. धाकटी मुलगी आईच्या कुशीत शिरली. इतकी भीती मी चार किंकाळ्या आणि पिंपभर मेण ओतूनही कधी उभी करू शकलो नव्हतो, आणि आज ती फुकट, कुठून आली कोण जाणे.

म्हातारा उठून उभा राहिला. हॅट पडली त्याची.

"नाबोर, मागे बघ," तो ओरडला. "पोरा, मागे बघ."

आणि मग सगळं सभागृह, बाल्कनी, बियावाला, दारावरचा माणूस, सगळेच: नाबोर, मागे बघ.

नाबोरने खरंच मागे वळून पाहिलं. मागे मीच होतो. मी हसून हात हलवला आणि खिशातला करार जरा वर काढून दाखवला.